पाहुण्याची चादर

आठवडाभर दुसऱ्यांची घरं रिकामी करणारा माणूस सुट्टीच्या दिवशी स्वतःचं घर रिकामं करायला का घेतो, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

आम्ही दोघं सामान हलवायच्या कामाला होतो. घर बदलणाऱ्यांचं सामान बांधायचं, जिन्यावरून उतरवायचं, ट्रकमध्ये लावायचं आणि नव्या जागी चढवायचं. आता दोघंही घरी बसलोय. गुडघे त्याचेही गेले, माझेही.

त्याला सगळे इंची म्हणत. टेप त्याने कधी हातात धरली नाही. दारात उभा राहायचा, एकदा कपाटाकडे बघायचा, एकदा चौकटीकडे बघायचा आणि सांगायचा, "जाईल. इंचभर राहील." खरंच इंचभर राहायचं.

वजन उचलणारे मी पुष्कळ पाहिले. बहुतेक जण ताकद दाखवतात. ताकद दाखवणारा जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपतो. इंची पायांनी उचलायचा. पाठ सरळ, कोपर अंगाशी, तोंड बंद. जिन्यात खालची बाजू त्याची, कारण खाली वजन जास्त येतं. वरची बाजू त्याने कधी मागून घेतली नाही.

आणखी एक सवय होती त्याची. कुठलीही वस्तू उचलण्याआधी तो तिच्यावर तळहात ठेवून थोडा थांबायचा. फ्रिज असो, पाळणा असो, पुस्तकांचं खोकं असो. आमचा ड्रायव्हर त्याला चिडवायचा.

"इंचीशेठ, नाडी लागतेय का? नाहीतर सरळ स्मशानात नेऊ."

इंची हसायचा आणि उचलायचा. तो ख्रिस्ती आहे हे आम्हाला ठाऊक होतं, कारण रविवारी सकाळी तो कामावर येत नसे. दुपारी येई आणि सकाळचं भरून काढी. मी एकदा विचारलं, "ते हात ठेवणं म्हणजे प्रार्थना का? तुमच्यात असं करतात?"

"आमच्यात पण जड वस्तू जडच लागते," तो म्हणाला. एवढंच.

मी त्यावर समाधान मानणारा नव्हतो. पण खोदून विचारलं की इंची आणखी गप्प होतो, म्हणून सोडून दिलं.

त्याच्या घरी मी पहिल्यांदा गेलो ते नाताळाच्या आधीच्या एका शनिवारी. "एक कपाट हलवायचंय, येशील का?" म्हणाला. मला वाटलं एक कपाट म्हणजे एकच कपाट. घरात बाहेरची एक मोठी खोली, आत एक लहान खोली, मागे स्वयंपाकघर. मोठ्या खोलीला रस्त्याकडे उघडणारी रुंद खिडकी. त्या खोलीतलं सगळंच आत न्यायचं होतं. कपाट नेलं. पलंग उभा करून आतल्या भिंतीला टेकवला. खुर्च्या एकात एक घालून स्वयंपाकघरात ठेवल्या. टीव्ही पिंपावर बसवला. लहान खोलीत एवढं सामान झालं की आडवं होऊन चालावं लागत होतं. पण लावलेलं असं की एकही वस्तू दुसरीला घासत नव्हती. काम बघण्यासारखं होतं.

मग वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, मोठ्या खोलीची फरशी धुतली. खिडकी उघडी टाकली. मधोमध एक गादी घातली, तिच्यावर दोन पांढऱ्या चादरी घडी करून ठेवल्या, आणि झालं. झालर नाही, दिवे नाहीत. दाराबाहेर कागदाची चांदणी होती, तीच काय ती शोभा.

"रंग काढायचाय का?" मी विचारलं.

"नाही."

"पाहुणे येणारेत?"

"आले तर."

"कोण?"

"ते कसं सांगणार," इंची म्हणाला, आणि मला चहा पाजायला स्वयंपाकघरात घेऊन गेला. तिथे आम्ही तिघं उभ्यानेच चहा प्यायलो, कारण बसायला जागा उरली नव्हती. समोर एवढी मोठी खोली मोकळी होती.

घरी जाताना माझं डोकं तिथेच होतं. आपण ज्या घरातून सामान काढतो तिथून माणसं निघून गेलेली असतात. इथे माणसं होती आणि खोली त्यांनी सोडली होती.

पुढे दरवर्षी मी जाऊ लागलो. मदतीला म्हणून, आणि खरं सांगायचं तर विचारायला म्हणून. ज्याला विचारावं त्याचं उत्तर वेगळं.

त्याची लेक तेव्हा शाळेत होती. जिभेला हाड नव्हतं. ती म्हणाली, "काका, आमच्याकडे एक पाहुणा येतो. तो दिसत नाही, म्हणून त्याला सगळ्यात मोठी खोली. मी दिसते, म्हणून मला पिंपामागे."

वहिनी म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तो महिना डिसेंबरचाच होता. दुसऱ्या आठवड्यात हे खोलीतलं सगळं सामान काढायला लागले. मला वाटलं, मला परत पाठवतायत."

"मग?"

"मग काय. माझी पेटी यांनी सगळ्यात शेवटी उचलली. तोवर मी दारात रडत बसले होते. सासूबाई म्हणाल्या, रडू नकोस, दरवर्षी होतं हे. म्हटलं, वा, बरं झालं सांगितलंत."

इंचीने स्वतः सांगितलं ते बऱ्याच वर्षांनी. जिना रंगवलेला ओला होता म्हणून आम्ही एका घराखाली ट्रकमध्ये बसून होतो. काम अडलं की त्याला बोलावंसं वाटायचं.

"बाप माझा या गावात आला तेव्हा मी पोटात होतो," तो म्हणाला. "आईचे दिवस भरलेले. हेच दिवस, नाताळाचे. दारोदार फिरले. कुणी वाईट बोललं नाही. जो तो म्हणायचा, जागा असती तर दिली असती. शेवटी एका धुणंवालीने आपली खाट उभी केली आणि तेवढ्या जागेत आईला घेतलं. माझा जन्म तिथला."

"मग तिची आठवण म्हणून का?"

"तिची, आणि त्याची पण." त्याने वर बोट दाखवलं नाही, काही केलं नाही, पण मला कळलं. येशूच्या आईबापाला कुठे जागा मिळाली नाही आणि बाळ गोठ्यात झालं, एवढं मलाही माहीत होतं. त्याच्या मंडळीतले लोक नाताळाला घरोघरी छोटा गोठा मांडतात, मातीची गुरं, मातीचं बाळ, तेही मी पाहिलं होतं.

"तू का मांडत नाहीस गोठा?"

"बाप म्हणायचा, त्यांना गोठा नको होता. त्यांना खोली हवी होती."

मी विचारलं, "इतक्या वर्षांत आलं का कुणी?"

"मांजर आली होती एकदा. व्याली."

"त्या चादरीवर?"

"नाही. आईने चादरी उचलून घेतल्या. तिने स्वतः काठ शिवले होते त्यांचे. पाहुण्याच्या म्हणून वेगळ्या ठेवलेल्या. दरवर्षी धुऊन, घालून, परत पेटीत. अजून कुणी झोपलेलं नाही त्यांच्यावर." मग म्हणाला, "मांजरीला दुसरं काहीतरी दिलं."

तेवढ्यात रंगवाल्याने वरून हाक मारली आणि आम्ही कामाला लागलो.

घोडं अडलं ते पुढे, वहिनींच्या मशीनवर.

वहिनी कपडे शिवायच्या कारखान्यात होत्या. कारखाना बंद झाला तेव्हा त्यांनी तिथलंच एक शिलाई मशीन घरी आणलं. घरगुती नव्हे, कारखान्याचं, लोखंडी पायांच्या टेबलावर बसवलेलं, खाली मोटर. मी आणि इंचीनेच वर चढवलं. वरचं हेड, म्हणजे शिवणारा भाग, तेवढं मी सोडवून वेगळं न्यायला सांगितलं होतं, इंची म्हणाला, "तेल नाही अजून त्यात, आहे तसंच घेऊ." घेतलं. रुंद खिडकीपाशी बसवलं, कारण तिथे उजेड. त्या दिवसापासून त्या खोलीत वहिनींचं राज्य. दारावरून जाताना मशीनचा आवाज यायचा. आवाज थांबला की समजावं, दोरा तुटला.

मी त्यांना एकदा विचारलं, तुम्ही प्रार्थनेला कधी बसता? त्या म्हणाल्या, "बसलेलीच असते की, भाऊजी. शिलाई लांब असली की प्रार्थना लांब. काजाला छोटी."

त्याच वर्षी चर्चने त्यांना मोठं काम दिलं. गाणाऱ्या मुलांचे पांढरे झगे. जुने पिवळे पडले होते, काखेत फाटले होते. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी उपासनेला मुलं नव्या झग्यांत उभी राहणार असं ठरलं. कापड चर्चने आणून दिलं, मोजून. डिसेंबर लागला तेव्हा वहिनी नवऱ्याला म्हणाल्या, माझ्यासमोर म्हणाल्या, "यंदा खोली रिकामी होणार नाही. मशीन हलणार नाही."

इंची जेवत होता. "आत चालेल की ते. आतही बटण आहे विजेचं."

"आत उजेड नाही. पांढऱ्यावर पांढरा दोरा. मला दिसत नाही."

"दिवा लावू."

"दिव्याने डोळे दुखतात. आणि पलंग, कपाट, पिंप, त्यात मी बसू कुठे? कपाटावर?"

"बापाने एकही वर्ष चुकवलं नाही," इंची म्हणाला. "आई आजारी होती तेव्हाही नाही."

"आई आजारी होती तेव्हा ती आत होती आणि खोली बाहेर मोकळी होती. मला सांगितलंय त्यांनी, कशी थंडी वाजायची आतल्या ओलीत." वहिनींचा आवाज चढला नव्हता. "देवासाठी जागा करायची तर मी करतेच आहे. पोरं त्याच्यासाठीच गाणार ना?"

लेक मोठी झाली होती, नोकरीला लागली होती, पण जीभ तीच. ती म्हणाली, "पाहुण्याला सांगू का, यंदा हॉटेल बघ?"

कुणी हसलं नाही. इंचीने ताट उचललं, धुतलं आणि पालथं घातलं. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. नाताळ सोमवारी संध्याकाळी सुरू होणार, आणि शनिवारी सकाळी त्याने मला बोलावलं. वहिनी चर्चमध्ये गेल्या होत्या, शिवून झालेले थोडे झगे मुलांच्या अंगावर घालून बघायला. लेक कामावर. पलंग, कपाट त्याने एकट्यानेच आत नेलं होतं. बाहेर फक्त मशीन आणि शिवायचं कापड उरलं होतं.

"वहिनींना विचारलंस?"

"ती यायच्या आत बसवून देतो. आतल्या छोट्या खिडकीसमोरचं सगळं काढलंय. तिला जागा केलीय. बसली की कळेल."

"विचारलंस का, ते सांग."

"धर," तो म्हणाला.

आमच्या धंद्यात एक क्रम आहे. हलकं आधी, जड नंतर. हलकं पुढे नेऊन ठेवायचं, म्हणजे जड नेताना पायात येत नाही. इंचीने त्याप्रमाणे आधी कापड नेलं. कापून ठेवलेले पांढरे तुकडे, पाठी, पुढचे भाग, बाह्या, गठ्ठे करून त्याने आतल्या दाराच्या पलीकडे रोजच्या एका स्वच्छ चादरीवर ठेवले. मग मशीनचं हेड पट्ट्याने टेबलाला घट्ट आवळलं, म्हणजे उलटणार नाही. दाराकडे एकदा पाहिलं, टेबलाकडे एकदा पाहिलं.

"आडवं करू. इंचभर राहील."

हात ठेवून थांबला नाही. ते माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा मी पट्टा खांद्यावर घेत होतो. आम्ही उचललं, चौकटीत नेलं आणि टेबल कडेवर वळवलं, जसं प्रत्येक टेबल वळवतो. खरंच इंचभर राहिलं. आणि हेडखालच्या पत्र्याच्या खोलगट ताटातलं सगळं तेल बाहेर आलं.

कारखान्याच्या मशीनला खाली तेल भरलेलं ठेवावं लागतं. शिवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. आम्ही ते मशीन आणलं तेव्हा ताट कोरडं होतं, आणि पुढे कधी हलवलंच नव्हतं. वर्षाच्या कामाने काळपट झालेलं ते तेल फरशीवर पडलं असतं तर पुसलं असतं. ते बरोबर त्या जागी पडलं जिथे क्रमाप्रमाणे हलकं सामान ठेवलं होतं.

जड वस्तू हातात असताना सोडता येत नाही. आम्हाला ते धारेने पडताना बघत उभं राहावं लागलं, टेबल खाली ठेवेपर्यंत.

मी गठ्ठे ओढून बाजूला घेतले. वरचे वाचले होते थोडे, मधले गेले होते. इंची खाली बसला आणि एक बाही उचलून उजेडाला धरली. मग दुसरी. 

वहिनी आल्या तेव्हा आम्ही तिघंही, म्हणजे तो, मी आणि मशीन, दारात अडकलेले होतो. त्यांनी पिशवी खाली ठेवली. पाहिलं. फार वेळ पाहिलं.

"ही कुणाची कल्पना?"

"माझी," इंची म्हणाला.

"भाऊजींनी सांगितलं नाही, विचार म्हणून?"

"सांगितलं."

वहिनी आत गेल्या. मला वाटलं आता रडतील किंवा भांडी आपटतील. त्या पावडरचा डबा घेऊन आल्या, गठ्ठ्यांजवळ बसल्या आणि डागांवर पावडर टाकायला लागल्या. "कापड उरलेलं नाही," एवढंच म्हणाल्या. "चर्चमध्ये विचारलं तर देतील आणून. पण ते म्हणतील, काय झालं? मग मी काय सांगू? की नवऱ्याने देवासाठी खोली रिकामी केली?"

इंची मान खाली घालून उभा होता. मी त्याला जिन्यात पियानो एकट्याने पेलून धरताना पाहिलंय. त्या दिवशी तो जसा उभा होता तसा मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"आधी हे मशीन होतं तिथे ठेवा," वहिनी म्हणाल्या.

आम्ही मशीनच्या दोन बाजूंना गेलो. मी पट्टा घेतला. इंचीने टेबलाच्या फळीवर तळहात ठेवला आणि थांबला. नेहमीपेक्षा जास्त थांबला. मला राहवलं नाही.

"आता तरी सांग, काय करतोस ते?"

त्याने हात काढला नाही. "कुणाचं आहे ते आठवतो," म्हणाला. "आपल्यासाठी सगळं ओझंच असतं रे. कुणाचं तरी असतं ते. तेवढं आठवायचं आणि देवाला सांगायचं, नीट पोचू दे."

मागून वहिनींचा आवाज आला. "मग? आठवलं का कुणाचं ते?"

"आठवलं."

"जरा उशीर झाला."

"झाला," इंची म्हणाला.

आम्ही मशीन सरळ ठेवून, कडेवर न वळवता, हेड सोडवून, टेबलाचे पाय काढून परत नेलं. वेळ दुप्पट लागला. तसंच आणायला हवं होतं. खिडकीपाशी फरशीवर पायांच्या खुणा होत्या, त्यांवर बरोबर बसवलं.

मग धुणं. पावडरने तेल ओढून घेतलं, वर भांडी घासायचा साबण, गरम पाणी. मी चोळत होतो, इंची पिळत होता. काही तुकडे स्वच्छ निघाले. काहींवर सावलीसारखा डाग राहिला, ते वहिनींनी आतून लावायला, दुमडीत घालायला ठेवले. पण पाठी बऱ्याच गेल्या होत्या आणि पाठ लपवता येत नाही. मुलं वेदीकडे वळली की पाठच दिसते.

"बाह्यांना हातशिलाई मारून देऊ का?" मी म्हटलं. सामान बांधताना आम्ही दाभणाने गोणपाट शिवत असू, त्यामुळे सुई धरता येते.

वहिनींनी मला एक तुकडा दिला. माझे टाके पाहिले, उसवले आणि तुकडा परत घेतला. "भाऊजी, आत पोरं घालायचीत, बटाटे नाही."

तेव्हा पहिल्यांदा इंची किंचित हसला. मग उठून आत गेला. पेटीचं झाकण वाजलं. परत आला तेव्हा हातात त्या दोन चादरी होत्या. मशीनच्या फळीवर ठेवल्या.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "या पाहुण्याच्या आहेत."

"हो."

"सासूबाईंनी काठ शिवलेत."

"हो."

"कात्री लागली की परत चादर होत नाही. नंतर मला बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"आणि खोली?"

इंचीने खोलीभर नजर फिरवली. खिडकीपाशी मशीन, दोऱ्यांवर वाळत घातलेले पांढरे तुकडे, फरशीवर बादल्या, मधोमध मी. "भरली," म्हणाला.

वहिनींनी चादरीवर हात ठेवला. इंची कपाटावर ठेवायचा तसाच, सपाट तळहात. थोडा वेळ ठेवला. मग काठ न कापता पाठी कशा बसतील ते आखून त्यांनी कात्री चालवली. काठ त्यांनी झग्यांच्या खालच्या घेराला आणले. सासूचे टाके तसेच राहिले.

रविवारी इंची चर्चला गेला आणि तिथून सरळ घरी. दिवसभर दोरे तोडत, इस्त्री करत, पाणी तापवत होता. वहिनी मशीनवर. लेकीने बटणं लावली. मी दुपारी गेलो तर मला दार उघडून तिने सांगितलं, "काका, चप्पल काढा, हात धुवा आणि बाबांना काही विचारू नका. ते आज शिपाई आहेत."

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. पुढच्या वर्षापासून खोली पुन्हा रिकामी होऊ लागली, पण मशीन खिडकीपाशीच राहतं, आणि काय हलवायचं, कधी हलवायचं ते वहिनी ठरवतात. चादरी नव्या आल्या. काठ इंचीने शिवले, वहिनींनी शिकवल्यावर. वाकडे आहेत. दार ठोठावून खोली मागणारं अजून कुणी आलेलं नाही. मी मात्र दरवर्षी विचारतो.

त्या सोमवारी संध्याकाळी मी चर्चमध्ये गेलो. मी त्यांच्यातला नाही, पण काम केलं की ते बसवलेलं बघावं, अर्धवट सोडू नये. शेवटच्या बाकावर इंची, वहिनी आणि लेक होती, त्यांच्या शेजारी बसलो. मुलं दोन रांगांत आली. बाकीच्यांना सगळे झगे सारखेच पांढरे दिसले असतील. मला वेगळे कळत होते. नव्या कापडाला निळसर झाक होती. चादरीचं कापड जाड, जरा दुधाळ. मुलं वेदीकडे वळली तेव्हा पाठी दिसल्या. चादर कुठे कुठे गेलीय ते मी मनात ओळखत गेलो.

मुलं चांगली गायली. नंतर पाळकसाहेबांचं बोलणं सुरू झालं आणि मुलांना पायऱ्यांवर बसवलं. बोलणं लांबलं. पहिल्या रांगेत कडेला एक अगदी लहान मुलगी होती, तिच्या मापाचा झगा सगळ्यात शेवटी शिवला होता, तो अख्खाच चादरीचा निघाला होता. तिने बाहीला नाक पुसलं. जांभई दिली. मग पाय पोटाशी घेतले, झगा ओढून पायांवर घेतला आणि पायरीवर आडवी झाली. झोपली.

इंची तिच्याकडे बघत होता. त्याचा तळहात पुढच्या बाकाच्या पाठीवर सपाट टेकलेला होता.

गाणं शिकवणाऱ्या बाई बाजूने मुलीला उठवायला वाकल्या. वाकताना शेवटच्या बाकाकडे त्यांची नजर गेली. वहिनींनी जागेवरूनच हात हलवून नको म्हटलं.

"झोपू दे," त्या पुटपुटल्या.

बाई सरळ झाल्या आणि मुलीच्या पायांवरचा झगा नीट करून आपल्या जागी गेल्या.